अगहनचा पहिला गुरुवार

बीरगांवला निघताना डायरीच्या पानावर मी चार कामं लिहिली होती. एक, तिची सही घेणे: तक्रार पुढे चालवायची की मागे घ्यायची, ती म्हणेल त्यावर. दोन, तिचे मूळ कागद परत करून पोच घेणे. तीन, आलेला मेल तिला हिंदीत वाचून दाखवणे, एकही वाक्य न गाळता. चार, ती मागे घेते म्हणाली तर वाद घालायचा नाही. चौथ्या कामाखाली दोन रेघा मारल्या, कारण वाद घालायची मला सवय आहे.

नोव्हेंबरातला गुरुवार होता. सोमवारपर्यंत आमचं उत्तर परदेशात पोचायला हवं होतं.

हिंदी मुलखातल्या या शहरात रेल्वेच्या कार्यालयात सव्वीस वर्षं कारकुनी करून मी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि आठवड्यातले चार दिवस एका वकीलबाईंच्या कचेरीत जायला लागले. कचेरी गोल बाज़ारजवळ, भांड्यांच्या दुकानाच्या वर. खाली दिवसभर पितळेवर ठोकाठोक चालते. वकीलबाई नागपूरच्या, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, मला काकू म्हणतात. मार खाल्लेल्या, कामावरून काढलेल्या, घरातून हाकललेल्या बायका त्यांच्याकडे येतात. माझं काम एवढंच की बाई जे सांगेल त्याचा तारीखवार घटनाक्रम तयार करायचा. बाई कधीच क्रमाने सांगत नाही. आधी शेवट सांगते, मग रडते, मग मध्येच लेकराच्या तापाचं सांगते. ते सगळं ऐकून डावीकडे तारीख, मधे घटना, उजवीकडे पुरावा असे तीन रकाने भरायचे. कोर्ट असो की पोलीस, रकाने भरलेले असले की समोरच्याला कागद बाजूला सारता येत नाही, असा माझा विश्वास होता.

जिची सही घ्यायची होती ती बीरगांवची. शेजारच्या उरला भागातल्या एका रोलिंग मिलमध्ये ठेकेदाराकडे भंगार निवडायच्या कामावर होती. वय तीस-बत्तीस, नवरा ट्रकवर, घरी सासू आणि एक मुलगी. मागच्या जानेवारीत पहिल्यांदा आली तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं तिला नीट मिटता येत नव्हती. सकाळची पाळी सुटताना सुपरवायझरने तिला सामानाच्या खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि जे केलं ते तिने मला एकदाच सांगितलं. मी ते एकदाच लिहिलं. हात त्या दारातच चेमटला होता. ठाण्यात दोनदा जाऊन आली, दोन्ही वेळा तिचं म्हणणं कोणी कागदावर घेतलं नाही. म्हणजे पहिला लेखी कागद माझ्याच हातचा होणार होता.

"कब की बात है?" मी विचारलं.

"अगहन के पहिली बिरस्पत, दीदी," ती म्हणाली. "उपास रहिस मोर."

इथल्या बोलीत बिरस्पत म्हणजे गुरुवार. अगहन म्हणजे आपला मार्गशीर्ष. मार्गशीर्षातले गुरुवार मी स्वतः करते, लग्न झाल्यापासून एकही चुकवलेला नाही. मागच्या वर्षीचं मराठी कॅलेंडर माझ्या कपाटात होतंच, मी जुनी कॅलेंडरं टाकत नाही. मार्गशीर्षाचा पहिला गुरुवार डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सापडला. डाव्या रकान्यात तारीख टाकली आणि तिला वाचून दाखवली. "बरोबर?"

"तुमन लिखे हौ त सहीच होही," ती म्हणाली. तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार.

तिच्या पिशवीत दवाखान्याची एक चिठ्ठीही निघाली, बोटांवर पट्टी केल्याची. तिच्यावरची तारीख माझ्या तारखेच्या जवळजवळ दोन आठवडे आधीची होती. भंगार निवडणाऱ्या बाईच्या हाताला काही ना काही लागतच असतं, ही आधीची जखम असेल, असं मी धरून चालले. घटनेआधीच्या तारखेचा पुरावा जोडला तर समोरचा वकील त्याचंच भांडवल करील. चिठ्ठी मी एका खाकी लिफाफ्यात घातली आणि वर लिहिलं, 'न जोडायचे कागद'.

पुढचं वर्ष त्या तारखेवर उभं राहिलं. पोलिसांच्या वरिष्ठांना अर्ज गेला, त्यात तीच तारीख. कारखान्याच्या अंतर्गत समितीला गेला, त्यातही तीच. समितीने निर्णय दिला की त्या दिवशी अर्जदार बाई कामावर आलीच नव्हती. सोबत फाटकावरच्या रजिस्टरच्या दोन महिन्यांच्या प्रती जोडल्या. समितीच्या माणसांनी घरी जाऊन सासूलाही विचारलं होतं, अमक्या तारखेला सून कुठे होती म्हणून. शेजारच्या लग्नाची हळद होती त्या दिवशी, सून घरीच होती, असं सासूने सांगितलं.

"मैं गे रहेंव, दीदी," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी गेले होते.

आमचा तिच्यावर विश्वास होता. मग रजिस्टर खोटं, हे ओघानेच आलं. रजिस्टर मागाहून कसं भरतात ते मी सव्वीस वर्षं पाहिलेलं, त्यामुळे मला ते सर्वांत आधी पटलं. 'नोंदींमध्ये फेरफार करण्यात आला आहे' हे वाक्य माझं. सासू दबावाखाली बोलली, हेही माझंच.

जूनमध्ये वकीलबाईंनी परदेशी तक्रारीचा विषय काढला. स्त्रियांविषयीच्या भेदभावावर आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यावर आपल्या देशाची सही आहे. पण एकट्या बाईची तक्रार त्या कराराच्या समितीने ऐकावी यासाठी जो जादा करार लागतो, तो आपण स्वीकारलेला नाही. "म्हणून समितीकडे नाही जाता येत, काकू. पण स्त्रियांवरच्या हिंसेसाठी एक विशेष तज्ज्ञ नेमलेल्या असतात. त्यांना पत्र लिहिता येते. त्या काही निकाल देत नाहीत, सरकारले विचारतात, या बाईचं काय केलं म्हणून."

"नुसतं विचारतात?"

"इथं तर कोणी विचारूनही नाही राहिलं."

त्या अर्जातला एक प्रश्न मी तिला तीनदा समजावून सांगितला. तुझं नाव सरकारला कळवायचं का? नाही म्हटलंस तरी चालतं. तिने दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी पाळी नसताना बसने आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "नाव लिख दो. नाव नहीं रहेगा तो उनको कैसे लगेगा कि कोई है?"

नाव गेलं. माझी तारीखही गेली, आता इंग्रजीत.

ऑक्टोबरच्या शेवटी त्या तज्ज्ञांच्या कचेरीतून मेल आला. सरकारने कारखान्याची कागदपत्रं जोडून उत्तर दिलं होतं: बाई त्या दिवशी गैरहजर, कुटुंबाचाच तसा जबाब, फेरफाराचा आरोप निराधार. तुमचं म्हणणं अमुक दिवसांत कळवा. तोवर बीरगांवात बातमी फिरली होती. ठेकेदाराने तिला कामावरून बंद केलंच होतं, आता त्याची माणसं पाऱ्यात, म्हणजे तिच्या वस्तीत, सांगत होती की हिने परदेशात खोटं लिहून कारखान्याचं नाव बुडवलं, आता सगळ्यांची कामं जाणार. नळावर बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. तिने मला फोनवर विचारलं, "दीदी, कभी-कभी लगथे, मोरे दिमाग खराब होगे का?" माझंच डोकं फिरलंय का?

निघायच्या आदल्या दिवशी वकीलबाई म्हणाल्या, "काकू, मले वाटते ती मागे घेईन."

"घेऊ दे मग. यादीत लिहिलंय मी, वाद नाही घालणार."

"तुमच्या यादीवर माझा भरवसा आहे. तुमच्यावर नाही," त्या म्हणाल्या. हसलं कोणीच नाही.

उरल्याच्या रस्त्याला ट्रकांच्या मागे राहिलं की स्कूटरच्या आरशावर धूळ बसते आणि मागचं काही दिसत नाही. दोन ठिकाणी थांबून आरसा पुसला. तिच्या गल्लीत शिरले आणि पहिल्याच दारापुढे तांदळाच्या पिठाचा चौक दिसला. दुसऱ्या दारापुढेही. तिच्या उंबऱ्यापासून आत देवापर्यंत लहान लहान पावलं काढलेली होती, ओल्या पिठाची, अजून पुरती वाळलेली नव्हती. लक्ष्मीची पावलं. मी स्वतः काढते तशीच, फक्त आमच्याकडे ती काढायला अजून दोन आठवडे होते.

मी बाहेरच उभी राहिले. पावलांवर पाय पडू नये म्हणून असं तिला वाटलं असावं. "किनारे से आ जाओ, दीदी," ती म्हणाली.

"आज कसली पूजा?"

"अगहन बिरस्पत. आज पहिली हे."

"अगहन लागलं?"

भिंतीला टेकून सासू तांदूळ निवडत बसली होती. तिने वर न बघता उत्तर दिलं. "कब के. पुन्नी के बिहान ले."

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून.

मी उंबऱ्याशीच खाली बसले. आमचा महिना अमावास्येला संपतो, इकडचा पौर्णिमेला. हे मला माहीत नव्हतं असं नाही. शाळेत शिकले होते. रेल्वेच्या वसाहतीत आमच्या ओळीत सगळी घरं विदर्भातली होती, त्यामुळे मार्गशीर्ष म्हटला की आमचाच. बाजारात यांचे झेंडू आणि आवळ्याच्या डहाळ्या आमच्याआधी येताना दर वर्षी पाहिल्या, आणि हौशी बायका लवकर सुरू करतात असं समजून पुढे गेले. व्रत तेच, लक्ष्मी तीच, वारही तोच. पहिला गुरुवार मात्र त्यांचा वेगळा, आमचा वेगळा.

"मागच्या वर्षीपण? पौर्णिमेनंतरचाच?" मी हिंदीत विचारलं.

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. "हर साल ओइच होथे," ती म्हणाली. दर वर्षी तोच असतो.

मूळ कागद परत करायचे म्हणून अख्खी फाइल माझ्या पिशवीत होती. आधी खाकी लिफाफा काढला. चिठ्ठीवरची तारीख मागच्या वर्षीच्या पौर्णिमेनंतरच्या पहिल्या शुक्रवारची होती, म्हणजे घटनेच्या दुसऱ्या दिवसाची. मग रजिस्टरच्या प्रती काढल्या, ज्यांना मी बनावट म्हटलं होतं. आदल्या दिवशीचा गुरुवार. तिचं नाव, आत सहाला पाच कमी. तिच्या पाळीतल्या बाकीच्या बायका बाहेर दोन वाजून पाच मिनिटांनी, सगळ्या एका शाईत, एकाखाली एक. ती बाहेर तीन चाळीसला, एकटी.

रजिस्टर खरं होतं. चिठ्ठी खरी होती. सासू खरं बोलली होती आणि तीही. खोटी फक्त माझी तारीख होती, आणि ती मी नीट टंकून, तपासून, शिक्के घेऊन सगळीकडे पाठवली होती.

सांगायला मला वेळ लागला. माझी हिंदी चांगली आहे, तरी वाक्यं तुटत होती. ती ऐकत राहिली. मधेच सासूच्या हातातलं सूप थांबलं.

"मतलब मैं सही बोलत रहेंव," ती म्हणाली.

"हो."

"साल भर, दीदी."

तिने आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. ती उठली, आत गेली, पाण्याचा तांब्या आणून माझ्यासमोर ठेवला आणि पुन्हा तिथेच बसली.

मी सासूकडे वळले. इकडे आईला दाई म्हणतात. "दाई, त्या दिवशी, मागच्या वर्षीच्या पहिल्या बिरस्पतला, ही घरी कधी आली आठवतं का?"

"काबर नइ सुरता रही," म्हातारी म्हणाली. का नाही आठवणार? "मंझनिया के भोग धरे बइठे रहेंव. जुड़ा गे. चार बजे आइस, हाथ ला अँचरा म लुकाय. मैं खूब गारी देंव." दुपारचा नैवेद्य धरून बसले होते, गार झाला. चारला आली, हात पदरात लपवून. मी खूप शिव्या दिल्या.

"मग समितीला हे का नाही सांगितलं?"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "तुमन तारीख पूछेव. दिन कोनो नइ पूछिन. तारीख ला मैं का जानँव? हरदी के दिन बताइन, त हरदी के दिन बतायेंव." तुम्हा लोकांनी तारीख विचारली, दिवस कोणी विचारला नाही; हळदीचा दिवस म्हणाले, तर मी हळदीच्या दिवसाचं सांगितलं. मग सुनेकडे बघून, मला ऐकू जाईल असं, "पढ़े-लिखे मनखे. पुन्नी अमावस नइ जानय."

मी बाहेर गल्लीत जाऊन वकीलबाईंना फोन लावला. सगळं सांगितलं. खालची ठोकाठोक फोनमधून ऐकू येत होती.

"काकू, आता तारीख बदलली तर ते म्हणतीन तक्रारच बदलली. आधी रजिस्टर खोटं म्हटलं, आता तेच खरं म्हणून राहिलो."

"मग काय करायचं?"

"मोघम लिहू. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास."

"नाही. चूक कोणाची ते लिहू. माझं निवेदन, माझ्या सहीने. दोन पंचांगांचा फरक, कॅलेंडरची दोन्ही पानं जोडून. चिठ्ठी माझ्याकडे होती आणि मी ती बाजूला ठेवली, हेही."

"तुमची इतक्या वर्षांची इज्जत आहे इथं. प्रत्येक केसमध्ये तुमचा घटनाक्रम आहे. उद्या समोरचे वकील सगळे काढतीन."

"काढू द्या. तपासायलाच हवेत."

त्यांनी सुस्कारा सोडला. "सासूचा जबाब आणा. अंगठा, साक्षीदार, आजची तारीख. त्याच्याशिवाय नुसता तुमचा कबुलीजबाब होईल. तिले काही उपयोग नाही."

परत आत आले तेव्हा शाईचा डबा माझ्या हातात होता. तो नेहमी पिशवीत असतो. मी घटना हिंदीत लिहून काढली, चारच ओळी, आणि सासूपुढे कागद धरला. तिने तो हातात घेतला नाही.

"आज नइ."

"दाई, सोमवार शेवटचा दिवस आहे."

"आज लछमी के दिन हे. आज घर ले कुछु नइ निकले. न पइसा, न अन्न, न कागद. अँगूठा त बिल्कुल नइ."

आज घरातून काहीही बाहेर जाणार नाही. हा नियम मलाही माहीत होता, मार्गशीर्षात मी दूधसुद्धा उसनं देत नाही. चौथं काम आठवलं. वाद घालायचा नाही. पण ते सुनेबद्दल होतं, सासूबद्दल मी काही लिहिलं नव्हतं, आणि तोंड उघडणार तोच सुनेने माझ्याकडे बघून मान हलवली. नको.

तर मी कोणाचीही सही न घेता परतले. चारपैकी एकही काम झालं नव्हतं. उलट मूळ कागदही तिने ठेवून घेतले नाहीत, आज घरात कागद नको म्हणाली, तेही फाइलमध्ये परत आले. गल्लीच्या तोंडाशी ठेकेदाराचा माणूस मोटारसायकलवर बसला होता. त्याने माझ्या स्कूटरचा नंबर वाचला, सावकाश, मला दिसेल असा. आता हा त्यांच्या दारात जाईल, म्हातारीला चार गोष्टी सांगेल, कामाचं आमिष किंवा धमकी, आणि उद्या मला दार बंद मिळेल, हे मी वाटभर डोक्यात मांडत आले. घरी आल्यावर निवेदन लिहायला बसले. पहिलं वाक्य 'नजरचुकीने' असं सुरू झालं होतं. ते खोडलं. नजर चुकली नव्हती. मी विचारलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी सातला मी पुन्हा त्या गल्लीत होते. दार उघडं होतं. चौक पुसला गेला होता, पावलांचे फक्त पांढरे डाग उरले होते. सासू उंबऱ्यातच बसलेली, अंघोळ केलेली, धुतलेलं लुगडं.

"काली आय रहिस ओ टूरा," ती म्हणाली. काल आला होता तो पोट्टा. "पूछिस, दीदी काबर आय रहिस. मैं कहेंव, परसाद खाय बर."

दीदी कशाला आली होती विचारलं, म्हटलं, प्रसाद खायला. सून आत चहा करत होती, तिची पाठ आमच्याकडे होती. मी कागद काढला आणि वाचायला लागले. "मागील वर्षी अगहनच्या पहिल्या गुरुवारी माझी सून दुपारी चारच्या सुमारास घरी आली. तिच्या उजव्या हाताला..."

"रुक." म्हातारीने हात वर केला. "गारी ला काबर नइ लिखे?"

"ते लिहायची गरज नाही, दाई."

"लिख. मैं ओला गारी देंव. पूछेंव नइ का होइस. लिख." मी तिला शिव्या दिल्या, काय झालं ते विचारलं नाही. ते लिही.

आतल्या स्टोव्हचा आवाज बंद झाला. मी ते वाक्य तिच्याच शब्दांत घातलं. बाजूला शेजारची एक बाई साक्षीदार म्हणून उभी राहिली, नळावर न बोलणाऱ्यांपैकीच एक. म्हातारीने अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर इतका जोरात दाबला की मागच्या पानावर डाग उमटला.

मग तक्रार पुढे चालवायला सुनेची सही. तिने आधी माझं निवेदन वाचायला लावलं. वाचलं. "फिर से," ती म्हणाली. पुन्हा वाचलं. 'तारीख अर्जदार बाईने सांगितलेली नाही, ती मी लिहिली' इथे आल्यावर तिने पेन मागितलं. बोटं अजून नीट वळत नाहीत, सही करायला तिला वेळ लागतो.

कागद शनिवारीच गेले. पोचही आली. पुढे काय होईल ते मला माहीत नाही. तज्ज्ञांकडून सरकारला पुन्हा विचारणा झाली आहे, कारखान्याकडून त्या पहिल्या गुरुवारच्या मूळ नोंदी मागवल्या आहेत, आणि ठाण्याने अर्ज घेऊन शिक्का दिला आहे. माझे जुने घटनाक्रम मी एकेक करून पुन्हा तपासते आहे. डावीकडे आता एक रकाना जादा आहे. त्यात बाई दिवस जसा सांगेल तसाच लिहायचा, तारीख त्यानंतर.

त्या शुक्रवारी निघताना मी फाइल आवरत होते. तिने हात पुढे करून 'न जोडायचे कागद' लिहिलेला खाकी लिफाफा उचलला. मी म्हटलं, तो आता रिकामा आहे.

"मालूम हे," ती म्हणाली. घडी घालून ती तो ब्लाउजमध्ये खोवत होती. "ये मोर तीर रही. का नइ जोड़ना हे, अब मैं बताहूँ."

हा माझ्याजवळ राहील. काय जोडायचं नाही, ते आता मी सांगीन. मी डायरी उघडली आणि पोच म्हणून तिची सही घेतली.